गणितयंत्रकार चार्ल्स बॅबेज

ज्या गृहस्थांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे, त्यांनी योजिलेल्या मोठ्या यंत्रांपैकी एकही यंत्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. सरकारचा पैसा खर्ची पडला, स्वतःची संपत्ती खर्ची पडली, मित्र दुरावले, आणि शेवटी हाती काय राहिले, तर नकाशांच्या गुंडाळ्या, टिपणवह्या आणि धातूच्या चाकांचा एक लहानसा भाग. असे असूनही आज आपल्या नंदुरबारच्या स्टेशनावर तिकीट देणारा कारकून ज्या यंत्रासमोर बसतो, किंवा सातबाऱ्याचा उतारा ज्या यंत्रातून छापून निघतो, त्या संगणकाची कित्येक मुख्य तत्त्वे प्रथम ज्यांच्या बुद्धीत उदय पावली ते गृहस्थ हेच. चार्ल्स बॅबेज हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन शहरी झाला. वडील बेंजामिन बॅबेज हे पेढीवाले असून त्यांचे घराणे डेव्हन परगण्यातील टॉटनेस या गावचे. घरी सुबत्ता होती, पण मुलाची प्रकृती नाजूक. वारंवार येणाऱ्या तापामुळे त्याला एक्झेटर शहराजवळ एका पाद्री शिक्षकाच्या हाती सोपविण्यात आले, आणि मुलाच्या प्रकृतीस जपावे, विद्येचा भार त्याच्यावर फार घालू नये, अशी ताकीद शिक्षकास देण्यात आली. ही ताकीद त्या शिक्षकाने अगदी इमानाने पाळली, असे बॅबेज यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात मिष्किलपणे नमूद केले आहे.

नवे खेळणे हाती आले की याच्या आत काय आहे, असा प्रश्न हा मुलगा आईस विचारी, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर ते खेळणे फोडून पाही. आईने त्याला एकदा मर्लिन नावाच्या कारागिराच्या यंत्रांचे प्रदर्शन दाखविण्यास नेले. मुलाची जिज्ञासा पाहून कारागीर प्रसन्न झाला व त्याने त्याला माळ्यावरील आपल्या खोलीत नेऊन हातावर पक्षी घेऊन नाचणारी रुप्याची एक लहानशी बाहुली दाखविली. त्या बाहुलीने मुलाचे मन असे वेधले की पुढे १८३४ साली ती लिलावात निघाली तेव्हा बॅबेज यांनी ती विकत घेतली, स्वहस्ते दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली. पाहुणे येत ते बहुधा बाहुलीभोवतीच घोटाळत. शेजारच्या खोलीत गणितयंत्राचा भाग ठेविलेला असे, त्याकडे वळणारे थोडे.

सन १८१० मध्ये बॅबेज केंब्रिज येथे ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. घरी त्यांनी इतके गणित वाचले होते की तेथील अध्यापकांस त्यांच्या शंकांचे निरसन करता येईना. त्या काळी इंग्लंडात न्यूटनच्या पद्धतीप्रमाणे अक्षरांच्या डोक्यावर टिंबे देऊन चलनकलन लिहीत, आणि युरोप खंडातील इतर देशांत लायब्निट्झची निराळी चिन्हे चालत. एकाच गोष्टीला दोन देशांत दोन खुणा असल्यामुळे इंग्रज विद्यार्थी खंडातील नव्या ग्रंथांना मुकत. बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या तिघा तरुणांनी १८१२ साली एक मंडळ स्थापून लायब्निट्झच्या चिन्हांचा पुरस्कार आरंभिला, आणि लाक्र्वा या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ १८१६ मध्ये इंग्रजीत उतरविला. खुणांच्या बाबतीत कडक असण्याचा हा स्वभाव त्यांच्यापाशी जन्मभर राहिला, आणि पुढच्या कथेत त्याचा फार संबंध आहे. १८१४ साली त्यांनी वडिलांची नाराजी पत्करून जॉर्जियाना व्हिटमोर या मुलीशी विवाह केला. १८१६ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. वय अवघे चोवीस.

आता ज्या कामाने त्यांचे आयुष्य व्यापले त्याकडे वळू. लघुगणकाची कोष्टके हल्लीच्या मुलांनी क्वचितच हाताळली असतील, परंतु त्यांच्या आजोबांना विचारावे. त्या काळी जहाजावरील कप्तान, जमिनीची मोजणी करणारा अंमलदार, विमा उतरविणारी कंपनी, सर्वांचा भरवसा छापील कोष्टकांवर असे. मुंबईच्या बंदरातून सुटलेले जहाज भर समुद्रात कोठे आहे, हे चंद्रसूर्याच्या कोष्टकांवाचून कळणे कठीण. आणि ही कोष्टके चुकांनी भरलेली असत. चुकीला शिरावयास तीन दारे होती. हिशेब करणारा माणूस चुके, त्याची नक्कल करणारा चुके, आणि छापखान्यात खिळे जुळविणारा चुके. १८२१ साली बॅबेज व हर्शेल हे खगोल मंडळीसाठी दोन निरनिराळ्या गणकांनी केलेली तीच गणिते शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहू लागले. एकामागून एक विसंगती निघू लागल्या, तेव्हा त्रासून बॅबेज यांच्या मनात आले की हे काम वाफेच्या यंत्राकडून होईल तर किती बरे.

त्यांनी जी युक्ती योजिली ती पाचवीच्या मुलासही समजेल. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. लागोपाठच्या दोहोंतील अंतरे ३, ५, ७, ९ अशी येतात, आणि या अंतरांतील अंतर सर्वत्र २. म्हणजे हा दोन एकदा मांडून ठेवला की पुढील प्रत्येक वर्ग नुसत्या बेरजेने मिळतो, गुणाकार करावाच लागत नाही. अंतरांच्या या रीतीने कितीतरी कोष्टके करता येतात, आणि बेरीज तर दात्यांची चाके करू शकतात. १८२२ साली त्यांनी या रीतीचा एक लहान नमुना तयार करून खगोल मंडळीस कळविले, आणि मंडळीने त्यांस सुवर्णपदक दिले. १८२३ मध्ये सरकारने मोठ्या यंत्रासाठी १,५०० पौंड मंजूर केले. उत्तर यंत्रानेच छापून द्यावे, म्हणजे वरील तिन्ही दारे एकदम बंद होतील, असा त्यांचा बेत होता.

काम जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराकडे दिले. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे स्क्रू निराळे, आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. हजारो भाग एकमेकांसारखे हुबेहूब करणे ही गोष्टच नवी होती. क्लेमेंटच्या हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक तरुण होता. त्याने पुढे १८४१ साली साऱ्या देशासाठी आट्यांचे एकच प्रमाण सुचविले. बॅबेज यांचे यंत्र पुरे झाले नाही, पण त्यासाठी शिकून तयार झालेले हात इंग्लंडच्या कारखान्यांस लाभले, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी पुष्कळदा नजरेआड केली आहे.

मध्यंतरी १८२७ हे साल आले. त्या एका वर्षात त्यांचे वडील, पत्नी व दोन अपत्ये निवर्तली. वडिलांच्या मागे त्यांस सुमारे १,००,००० पौंडांची संपत्ती मिळाली, पण घर ओस पडले. मन रमेना म्हणून ते युरोपच्या प्रवासास निघून गेले. प्रवासात असतानाच, १८२८ साली, न्यूटनने भूषविलेले केंब्रिजचे गणिताचे अध्यासन त्यांस देण्यात आले. ते त्यांनी १८३९ पर्यंत धारण केले, परंतु तेथे एकही व्याख्यान दिले नाही. शिक्षकाच्या दृष्टीने हे मला प्रशस्त वाटत नाही, आणि ते लपविण्याचेही कारण नाही.

१८३२ साली यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जुळवून तयार झाला व तो अचूक चालला. हा भाग आजही लंडनच्या विज्ञानसंग्रहालयात आहे. पुढील वर्षी कारखाना कोठे असावा व पैसे कोणी, केव्हा द्यावे यांवरून बॅबेज व क्लेमेंट यांचे बिनसले. क्लेमेंटने काम बंद केले, माणसे कमी केली, आणि त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे या कामासाठी तयार केलेली हत्यारे आपल्यापाशीच ठेवून घेतली. तोवर सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्च झाले होते.

नकाशे काही काळ हाती नसल्यामुळे म्हणा, किंवा स्वस्थ बसणे स्वभावातच नसल्यामुळे म्हणा, १८३४ साली बॅबेज यांस पूर्वीपेक्षा कितीतरी थोर अशी कल्पना सुचली. पहिले यंत्र एकच रीत जाणत होते. नवे यंत्र असे असावे की त्यास जी आज्ञा द्यावी ते गणित त्याने करावे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, आणि एका गणिताच्या उत्तरावरून पुढे कोणते गणित करावयाचे याचा निर्णयही त्याचाच. आज्ञा द्यावयाची ती भोके पाडलेल्या जाड पत्त्यांनी. ही युक्ती त्यांनी फ्रान्समधील जाकार याच्या मागावरून घेतली. त्या मागावर पत्त्यांची माळ फिरत असे. जेथे भोक तेथे आकडी जाई, जेथे भोक नाही तेथे अडे, आणि त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जाऊन नक्षी उमटे. जाकारचीच एक रेशमी तसबीर सुमारे २४,००० पत्त्यांनी विणलेली होती. बॅबेज यांच्या घरी ती टांगलेली असे, आणि कित्येक पाहुण्यांस ती कोरीव छापील चित्र वाटे.

या यंत्राचे दोन प्रमुख भाग त्यांनी कल्पिले. एक कोठार, दुसरी गिरणी. कोठारात संख्या ठेवावयाच्या, गिरणीत त्यांच्यावर क्रिया करावयाची, आणि आलेले उत्तर पुन्हा कोठारात. प्रत्येक संख्येसाठी चाकांचा एक उभा खांब, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ हे आकडे, आणि एकेक संख्या पन्नास पन्नास आकड्यांची. आजच्या संगणकातही साठवण निराळी व हिशेब करणारा भाग निराळा असतो.

येथे एक अडचण उभी राहिली. ती वरवर क्षुल्लक दिसते, पण तिच्यावर सर्व काही अवलंबून आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. खांबावरील संख्या गिरणीकडे न्यावयाची म्हणजे काय करावयाचे? चाके उलट फिरवून शून्यावर आणावयाची; ती जितकी फिरतील तितकी गती दांतेरी पट्ट्यांनी गिरणीस पोचते. पण मग कोठारातील खांबावर शून्य उरले! कोठीतून पायलीभर ज्वारी काढून जात्यात घातली की ती कोठीत राहत नाही, तशातला हा प्रकार. उलट, मुनीमजी खतावणीतील आकडा वाचून हिशेबात घेतात तेव्हा तो खतावणीत जसाच्या तसा राहतो. आण, या आज्ञेचा अर्थ यंत्राने कोणता समजावा? कोठीचा की खतावणीचा?

समजा, १२ ला ५ ने गुणावयाचे, त्याच १२ ला ३ ने गुणावयाचे, आणि दोन्ही गुणाकार मिळवावयाचे. उत्तर ९६ यावे. पहिल्या वेळी १२ ही संख्या आणताना खांब रिकामा झाला असेल, तर दुसऱ्या वेळी तेथून शून्य येईल आणि उत्तर ६० छापले जाईल. चाक मोडणार नाही, आवाज होणार नाही, यंत्र नेहमीच्याच डौलाने पुढे चालेल. बरे, नेहमीच संख्या राखून ठेवावी म्हणावे, तर ज्या खांबावर पुढे नवे उत्तर ठेवावयाचे तो रिकामा नसल्यामुळे नवी संख्या जुनीत मिसळेल. दोन्ही अर्थ हवेत, पण एकाच शब्दाने दोन्ही बोलावयाचे नाहीत.

यावर उपाय असा काढला की आणावयाची आज्ञा देणारे पत्तेच दोन जातींचे करावयाचे. एका जातीचा पत्ता संख्या आणील आणि मागे शून्य ठेवील. दुसऱ्या जातीचा पत्ता संख्या आणील आणि ती मागे जशीच्या तशी परत बसवील. ठेवावयाच्या आज्ञेचा पत्ता तिसरा. गणित मांडणाऱ्याने कोणता पत्ता हवा ते आधी ठरवावे. यंत्राने तर्क करावयाचा नाही.

हा विषय इतक्या स्पष्टपणे जगापुढे मांडण्याचे श्रेय एका स्त्रीकडे जाते. कवी लॉर्ड बायरन यांची कन्या ॲडा, पुढे लेडी लव्हलेस, ही १८३३ साली वयाच्या सतराव्या वर्षी बॅबेज यांच्या परिचयाची झाली. आईने तिला मुद्दाम गणिताचे शिक्षण दिले होते. १८४० साली बॅबेज यांनी इटलीतील ट्युरिन शहरी विद्वानांपुढे नव्या यंत्राचे विवेचन केले, त्यावरून मेनाब्रेआ नामक लष्करी इंजिनियराने १८४२ साली फ्रेंच भाषेत एक निबंध लिहिला. हे गृहस्थ पुढे इटलीचे मुख्य प्रधान झाले. ॲडाबाईंनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले व त्यास स्वतःच्या टीपा जोडल्या. त्या मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट आहेत. हे १८४३ साली प्रसिद्ध झाले. या टीपांत प्रत्येक खांबास एक चिन्ह देऊन, त्या खांबावरील संख्या आतापर्यंत किती वेळा बदलली हे दाखविणारा एक लहान आकडा बाईंनी चिन्हाच्या अलीकडे लिहिला आहे. कोणत्या क्षणी कोठारात काय आहे याविषयी वाचणाराचा गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. बॅबेज यांनी बर्नुली संख्यांच्या गणितात केलेली एक मोठी चूकही त्यांनीच हेरून कळविली, ही गोष्ट बॅबेज यांनी मोकळेपणाने कबूल केली आहे. आणि गंमत अशी की बाईंच्या छापील तक्त्यातच एका ठिकाणी भाज्य व भाजक यांची उलटापालट झालेली आहे! छापखान्याचे ते तिसरे दार असेल किंवा पहिलेच असेल. ॲडाबाई १८५२ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारल्या.

या जुन्या अडचणीने आपल्या काळातही पुन्हा डोके वर काढले, हे येथे सांगितले पाहिजे. संगणकातील सर्व कार्यक्रमांच्या खाली एक मूळ गाभा असतो, त्यास कर्नेल म्हणतात. साठवणयंत्रास आज्ञा पोचविणे हे त्याचे एक काम. हल्लीच्या चकतीविरहित साठवणयंत्रांस अशी एक आज्ञा देता येते की अमुक जागेची आता गरज नाही, ती सोडून द्यावी. त्यानंतर ती जागा वाचली तर काय मिळावे? काही यंत्रे शून्ये देत, काही जुनाच मजकूर देत, आणि काहींचा तर एका वेळी एक, दुसऱ्या वेळी दुसरे, असा खाक्या असे. शिवाय ही आज्ञा केवळ सूचनावजा असल्यामुळे सांगितलेल्या जागेचा काही भाग यंत्राने तसाच सोडला तरी तो गुन्हा नव्हे. लिनक्स नावाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात पूर्वी, सोडलेली जागा शून्य होते असे यंत्राने जाहीर केले असेल तर त्यावर विसंबून काम चाले. ज्या जागी शून्ये आहेत असे समजून पुढील काम करावे, तेथे कोणाचा तरी जुना मजकूर निघावा, हा धोका लहान नव्हे. २०१७ साली तेथील जाणत्यांनी या दोन गोष्टी कायमच्या विभक्त केल्या. शून्ये हवी असतील तर शून्ये लिहिण्याची स्वतंत्र आज्ञा द्यावी. जागा सोडण्याच्या आज्ञेने शून्याचे वचन मुळीच देऊ नये. दोन जातींचे पत्ते, दुसरे काय?

चुकीच्या आज्ञेविषयी बॅबेज किती सावध होते याचे आणखी एक उदाहरण. गणिताच्या मध्ये एखादा लघुगणक लागला तर यंत्र घंटा वाजवून थांबेल, आणि सेवकाने त्या संख्येचा पत्ता आणून घालावा, अशी योजना होती. सेवकाने चुकीचा पत्ता घातला तर? यंत्राने स्वतः तो पडताळून पाहावा, आणि चूक असल्यास अधिक मोठी घंटा वाजवून पत्ता चुकल्याची पाटी दाखवावी, अशी तरतूद त्यांनी केली होती.

परंतु हे सर्व कागदावर. १८४२ साली सर रॉबर्ट पील यांच्या सरकारने पहिल्या यंत्राचाही नाद सोडल्याचे कळविले. बॅबेज प्रधानांस भेटावयास गेले ते रागातच, आणि भेटीचे वादात पर्यवसान झाले. या प्रसंगी बहुतेक चरित्रकार सरकारास दोष देतात. मला तो सर्वस्वी पटत नाही. एका यंत्रासाठी पैसे दिले, ते अर्धवट आहे, आणि कर्ता येऊन सांगतो की याहून चांगले यंत्र मला सुचले आहे, तेव्हा प्रजेचा पैसा सांभाळणाऱ्याने काय करावे? बॅबेज यांची बुद्धी जितकी थोर तितकाच धीर थोडा होता. पहिले उदाहरण सोडवून होण्यापूर्वी दुसऱ्यास हात घालणारे विद्यार्थी आमच्याही वर्गात असतात. मात्र त्यांनी स्वतःसाठी या पैशातून काही घेतले नाही, उलट पदरचे पुष्कळ घातले, हेही विसरता येत नाही.

ईश्वर व सृष्टी यांविषयी त्यांनी १८३७ साली एक ग्रंथ लिहिला. त्यातील विचाराचा दाखला ते घरी जमलेल्या मंडळीस यंत्रावरच दाखवीत. यंत्र एका ठराविक क्रमाने आकडे देत राही. पाहणाऱ्यास हाच नियम कायमचा असे वाटू लागे, इतक्यात एखादा आकडा एकाएकी निराळाच येई. यंत्र बिघडले नसे. ती उडी कर्त्याने आरंभीच योजून ठेविली होती. चमत्कार म्हणजे नियमाचा भंग नसून आपल्यास न दिसलेल्या अधिक मोठ्या नियमाचे पालन असू शकेल, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे इतर उद्योग अनेक. कारखान्यांच्या अर्थशास्त्रावर १८३२ साली ग्रंथ लिहिला. पत्रे पोचविण्यापेक्षा ती गोळा करून निवडण्याचाच खर्च अधिक येतो, हे दाखवून दिले. डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण केले, आणि अभेद्य समजली जाणारी गुप्तलिपी उलगडली. म्हातारपणी रस्त्यावर वाद्ये वाजवून पैसे मागणाऱ्यांशी त्यांनी वैर धरले. १८६४ साली त्यांच्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हा लोक चिडून मुद्दाम त्यांच्याच खिडकीखाली येऊन वाजवू लागले. हसू येते, पण आजारी व एकाकी वृद्धाची ती दशा वाचून वाईटही वाटते.

एक गोष्ट त्यांच्या मोठ्या मनाची. त्यांच्या पहिल्या यंत्राची हकिकत वाचून स्वीडनमधील शुट्झ या पितापुत्रांनी तशाच प्रकारचे यंत्र स्वतः बनविले, आणि १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यास सुवर्णपदक मिळाले. जे आपणास साधले नाही ते परक्याने साधले. बॅबेज यांनी मत्सर न करता त्यांचा उघडपणे गौरव केला.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे धाकटे पुत्र हेन्री हे बंगालच्या फौजेत अधिकारी असून त्यांची बरीच वर्षे आपल्या देशात गेली होती. निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी वडिलांचे कागद १८८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि नव्या यंत्राच्या गिरणीचा एक भाग स्वतः तयार करविला. १९१० साली त्या भागाने वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराच्या पटींची यादी छापली. यादीत चुका होत्या.

बॅबेज यांनी १८४७ ते १८४९ या काळात पहिल्या यंत्राचा सुधारलेला, अधिक सुटसुटीत असा दुसरा नकाशा काढला होता. लंडनच्या विज्ञानसंग्रहालयातील मंडळींनी त्यांच्या द्विशताब्दीनिमित्त, त्यांच्या काळच्या कारागिरांस साधेल इतक्याच बारकाईने भाग घडवून, त्या नकाशावरहुकूम ते यंत्र बांधले. नकाशातील थोड्या चुका वाटेत दुरुस्त कराव्या लागल्या. १९९१ साली हिशेबाचा भाग पुरा झाला आणि एकतीस आकड्यांपर्यंतची उत्तरे बरोबर देऊ लागला. २००२ साली छपाईचा भागही जोडण्यात आला, आणि हाताने दांडा फिरविला की तो कागदावर आकडे उमटवू लागला.